आदल्या रात्रीच सांगा

भिलाईच्या कॅम्प-१ मधून समुद्र गाठायला दोन वाटा आहेत. एक विशाखापट्टणमची. सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्गहून वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून पहाटे घरून निघालेला माणूस दुपारी बंगालच्या उपसागराच्या काठी पोचतो. दुसरी मुंबईची, सुमारे ११०० किलोमीटरची, अख्खी रात्र गाडीत काढायला लावणारी. भिलाई दोन्ही किनाऱ्यांपासून चांगलीच आत आहे. तरीही पॉवर हाऊस, नंदिनी रोड, जवाहर मार्केट या भागातल्या मराठी घरांत अलीकडे क्रूझचा विषय निघू लागला आहे. स्टील प्लांटमधून रिटायर झालेलं जोडपं, पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलं, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आणि ‘आई-बाबांना एकदा जहाजातून फिरवून आणू’ ही इच्छा, असं साधारण चित्र असतं. तिकीट काढण्याआधी यांतली बरीच घरं एका माणसाला विचारतात. वस्तीत त्यांना ‘जहाजवाले भाऊ’ म्हणतात.

भाऊंनी परदेशी कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर, जेवणघरात, बरीच वर्षं काढली. सुरुवात उष्टी ताटं उचलण्यापासून झाली, मग असिस्टंट वेटर, मग स्वतःची टेबलं असलेला वेटर. २०२० मध्ये जगभरची क्रूझ जहाजं थांबली, भाऊ घरी आले आणि इथलेच झाले. आता ते दुर्ग-भिलाईच्या कुटुंबांना क्रूझची बुकिंग करून देतात आणि मोठा ग्रुप असला की स्वतः सोबत जातात. क्रूझ विकणारे पुष्कळ आहेत, पण त्या टेबलांवर वाढलेला माणूस जेव्हा सल्ला देतो, तेव्हा तो ब्रोशरमध्ये न छापलेल्या गोष्टी सांगतो. पोहण्याचा तलाव, नाचगाणी, कॅसिनो यांबद्दल भाऊ दोन वाक्यांत आटोपतात. त्यांचं खरं सांगणं एकच असतं: जहाजावर जवळपास सगळं मिळू शकतं, मात्र ते आदल्या रात्री सांगावं लागतं.

त्यांचे वडील प्लांटमध्ये होते, मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं. १९५५ मध्ये प्लांटसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि कामाच्या ओढीने देशभरातून माणसं भिलाईला आली. त्यांत विदर्भातली मराठी घरंही होती. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट या हिशोबाने घरातला चहा, जेवण आणि झोप ठरायची. त्यामुळे जहाजावरच्या ड्युटीचं वेळापत्रक हातात पडलं तेव्हा भाऊ गांगरले नाहीत. वडिलांनी समुद्र पाहिला नव्हता. पण भिलाईच्या प्लेट मिलमधलं पोलाद समुद्रात गेलं आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांतच्या पोलादात बोकारो आणि राउरकेलाबरोबर भिलाईचाही वाटा आहे. भाऊ हे ग्रुपमधल्या प्रत्येक मुलाला सांगतात, आणि सांगायलाच हवं.

जहाजावर नोकरी लागण्याची वाट मात्र सरळ नव्हती. आधी हॉटेलचं शिक्षण, मग सुरक्षिततेचे सक्तीचे कोर्स: समुद्रात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे. त्यानंतर सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकेला जाणाऱ्या जहाजासाठी वेगळा व्हिसा. या वाटेवर एका एजंटाने ‘जागा पक्की करून देतो’ म्हणत मोठी रक्कम मागितली होती. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं भारतीय नियमांत बसत नाही. भरती करणाऱ्या संस्थेकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. कॅम्पातली मुलं आज भाऊंकडे येतात तेव्हा ते प्रवासाच्या गप्पा बाजूला ठेवून आधी हे सांगतात. घर गहाण ठेवून एजंटाला पैसे देणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत.

पहिल्या जहाजावर त्यांना आधार मिळाला तो गोव्याच्या आणि रत्नागिरीच्या माणसांचा. गोव्याच्या तारवटींची जहाजावर नोकरी करण्याची परंपरा कित्येक पिढ्यांची. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून ते जायचे, आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहायचे. अशाच एका घरातल्या सिनियरने भाऊंना ट्रे उचलायला शिकवलं. जेवणघरात ट्रॉली नसते. लांबट गोल ट्रेवर झाकणं घातलेल्या दहा-बारा थाळ्या एकमेकींवर रचायच्या, ट्रे डाव्या खांद्यावर घ्यायचा, उजवा हात वाटेत येणाऱ्यासाठी मोकळा ठेवायचा. स्वयंपाकघराचे दरवाजे दोन, आत जायचा वेगळा आणि बाहेर यायचा वेगळा. चुकीच्या दरवाजात पाय टाकला तर समोरून येणाऱ्याचं सूप अंगावर. समुद्र खवळलेला असला की टेबलक्लॉथ थोडे ओले करून अंथरायचे, म्हणजे ताटं घसरत नाहीत. हे सगळं चालू असताना चेहऱ्यावर ताण दिसू द्यायचा नाही, हाही शिकण्याचाच भाग.

आता प्रवाशाच्या बाजूने.

मोठ्या जहाजावर जेवायच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. मुख्य जेवणघर, जिथे बसून वाढून घ्यायचं. बुफे, जिथे स्वतः उठून घ्यायचं. आणि जादा पैसे घेणारी खास रेस्टॉरंट. पहिल्या दोन तिकिटात धरलेल्या असतात. मुख्य जेवणघरात बऱ्याचदा रात्रीच्या दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. भारतीय कुटुंबं सवयीने दुसरी मागतात. भाऊंचं मत उलट आहे. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर पहिली घ्यावी. चार टप्प्यांचं जेवण दीड-दोन तास चालतं, दुसऱ्या पंगतीतला माणूस साडेदहाला उठतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बंदरात उतरायचं असतं. शिवाय पंगत, टेबल आणि सोबत कोण बसणार हे बुकिंगच्या वेळीच नोंदवायचं. जहाजावर चढल्यावर बदल मिळतो, पण रांगेत उभं राहून.

मेन्यूत स्टार्टर, सूप, मुख्य पदार्थ, गोड असं लिहिलेलं असतं, आणि आपली माणसं प्रत्येकातलं एकेक मागवून गप्प बसतात. बहुतेक जहाजांवर दोन स्टार्टर मागवले, किंवा मुख्य पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागितला, तरी वेगळे पैसे पडत नाहीत. थोडं-थोडं मागवा, आवडलं तर परत मागवा, असं भाऊ सांगतात. बुफेत ताट शिगोशीग भरून अर्धं टाकणाऱ्यांबद्दल ते कडक बोलतात. ती ताटं त्यांनी स्वतः रिकामी केली आहेत, आणि घरी आईने भाकरीचा तुकडाही टाकू दिलेला नाही.

शाकाहारी माणसाची अडचण मात्र खरी आहे आणि तिला ‘व्हेज मिळेल ना?’ एवढा प्रश्न पुरत नाही. परदेशी जहाजावर ‘व्हेजिटेबल सूप’ असं नाव असलं तरी त्याचा रस्सा कोंबडीच्या हाडांचा असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचा मासा असतो. थाई भाजीत फिश सॉस. मूस आणि पन्ना कोटा यांत जिलेटिन, पास्त्यात आणि केकमध्ये अंडं, पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट. ज्यांना हे चालतं त्यांचा प्रश्न नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी बुकिंगबरोबरच आहाराचा अर्ज भरायचा आणि त्यात ‘शाकाहारी’ एवढंच न लिहिता काय चालत नाही ते एकेक करून लिहायचं. अंडं नाही, मासा नाही, मांसाचा रस्सा नाही, जिलेटिन नाही. जैन असतील तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंद नाहीत.

आणि मग पहिल्या रात्री हेडवेटरला भेटायचं. भाऊंच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत मोलाचा. गोड पदार्थ टेबलावर आला की हेडवेटर हातात उद्याचा मेन्यू घेऊन येतो, आणि वेगळ्या आहाराच्या प्रवाशांना उद्या रात्रीचं जेवण आजच विचारतो. तुम्ही सांगितलेलं एका चिठ्ठीवर टेबल नंबरासह उतरतं, चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते, आणि जहाजावर भारतीय स्वयंपाकी असेल तर त्याच रात्री छोले-राजमा भिजत पडतात. हजार-दोन हजार माणसांच्या जेवणात आयत्या वेळी कुणी छोले मागितले तर ते येणार कुठून? पण आदल्या रात्री मागितले तर येतात, आणि चांगले येतात. भाऊंच्या टेबलावर एकदा नागपूरकडच्या एक आजी होत्या. आठवडाभर मेन्यू न उघडता त्या रोज रात्री फक्त सांगायच्या, ‘उद्या वरण पातळ कर रे बाळा.’ आणि रोज पातळ वरण यायचं. मेन्यू वाचून वाचून थकलेली शेजारची टेबलं त्यांच्याकडे बघत राहायची.

फुलक्याचं मात्र होत नाही, आणि त्याचं कारण कळलं की राग येत नाही. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. आजच्या प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात गॅसची ज्योत नसते. सगळं विजेवर आणि वाफेवर. पोळी सपाट तापत्या पत्र्यावर भाजली जाते, ज्योतीवर धरून फुगवता येत नाही. ‘काकू, पोळी मिळेल, फुलका घरी गेल्यावर,’ असं भाऊ निघण्याआधीच सांगून टाकतात. उपवासाचंही तसंच. साबुदाण्याची अपेक्षा ठेवू नये. चतुर्थी-एकादशी कोणत्या तारखेला येते ते पाहून आदल्या रात्री फळं, दूध, दही, उकडलेले बटाटे सांगून ठेवावेत.

घरचा डबा बहुतेक जहाजं चढू देत नाहीत. कारण प्रवाशाचा अपमान करण्याचं नाही, पोटाच्या साथीचं आहे. कंपनीचं सील असलेला चिवडा, बाकरवडी, लाडू चालून जातात. घरी पिशवीत भरलेले गेटवर निघतात. जहाजातली साथ फार वेगाने पसरते. नोरोव्हायरसने एकदा बुफे गाठला की दोन दिवसांत शेकडो माणसं खोल्यांत अडकतात. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथली आरोग्ययंत्रणा अचानक तपासणी करते. शंभरापैकी ८६ गुण मिळाले तर जहाज पास, खाली गेलं तर नापास, आणि निकाल सगळ्यांना वाचता येतो. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या खाली आणि थंड अन्न ५ अंशांच्या वर जाता कामा नये, म्हणून स्वयंपाकी खिशात थर्मामीटर घेऊन फिरतो. दारात उभा राहून हात धुवायला सांगणारा पोऱ्या काहींना कटकट वाटतो. भाऊ म्हणतात, त्याचं ऐका, आणि सॅनिटायझरवर भागवू नका, साबण-पाण्याने धुवा. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

पैशांचा हिशोब आधी समजून घेतला तर शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही. जहाजावर रोख चालत नाही, खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर सेवाशुल्क आपोआप लागतं, माणशी दिवसाला साधारण १५-२० डॉलर. चौघांच्या कुटुंबाचे आठवड्याला चारशेच्या वर डॉलर झाले. बाटलीतलं पाणी, शीतपेयं, इंटरनेट, फोटो यांचे पैसे वेगळे. फोन विमान मोडवर टाकायला विसरलात तर भर समुद्रात तो जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि घरी गेल्यावर रोमिंगचं बिल येतं. सेवाशुल्क काढून टाका म्हणून काउंटरवर भांडणाऱ्यांना भाऊ शांतपणे एवढंच सांगतात, की तिथल्या वेटरच्या कमाईचा मोठा भाग त्याच पैशांतून येतो. सेवा आवडली तर शेवटच्या फॉर्ममध्ये त्याचं नाव लिहा. नाव लिहिलेला कागद वरिष्ठांपर्यंत जातो आणि पुढच्या बढतीत मोजला जातो. भाऊंना स्वतःची टेबलं मिळाली ती अशाच कागदांमुळे.

पहिल्या दिवशी सामान खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली घेऊन जाऊ नये, आगीच्या भीतीने जप्त होतात. बोट लागण्याचा त्रास असेल तर खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. हलणं तिथे सर्वांत कमी. अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आणि उलटी सुरू होण्याच्या आधी घ्यावी. पोट रिकामं ठेवलं की बरं वाटेल हा समज चुकीचा आहे, थोडं कोरडं खावं.

सुरक्षिततेच्या कवायतीला दांडी मारणाऱ्यांवर मात्र भाऊ चिडतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं, एवढंच ते असतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला, आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. मराठी माणसाला तर याहून जवळचं दुःख माहीत असायला हवं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. मुंबईपासून काही मैलांवर. कोकणातल्या घरांत आजही तिचं नाव निघतं. विदर्भातून, भिलाईतून आलेल्या माणसांना बोटीचा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून कवायतीच्या रांगेत उभं राहून भाऊ तो सांगतात, आणि मग कुणी कुरकुर करत नाही.

कोकण-गोव्याच्या बोटी मुंबईहून दशकानुदशकं चालल्या. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ यांच्या डेकवर वळकटी पसरून गेलेली पिढी अजून आहे. त्या बोटी माणसांना गावी पोचवायच्या. चैनीसाठीची देशी क्रूझ फार नंतर आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ आली, १९९० मध्ये फ्रान्सच्या सेंट-नाझेर गोदीतून बाहेर पडलेलं आणि रॉयल कॅरिबियनकडे बराच काळ चाललेलं जहाज. मुंबई-गोवा, कोची, लक्षद्वीप हे तिचे ठरलेले मार्ग. पावसाळ्यात पश्चिम समुद्र खवळतो, तेव्हा ती पूर्व किनाऱ्याला जाते, चेन्नई आणि विशाखापट्टणमकडे. पहिल्यांदाच निघालेल्या भिलाईकरांना भाऊ हीच सुचवतात: पासपोर्टची भानगड नाही, जेवण ओळखीचं, जैन ताटही मिळतं, आणि दोन-तीन रात्रींत समुद्र आपल्याला मानवतो की नाही ते कळतं. सिंगापूर किंवा भूमध्य समुद्र त्यानंतर.

किनाऱ्यावरच्या सहलींत लोक सर्वांत जास्त चुकतात ते हावेपायी. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, मंगेशी आणि शांतादुर्गा फोंड्याच्या बाजूला, जुनं गोवं तिसरीकडे, समुद्रकिनारे चौथीकडे. हातात सहा-सात तास. मराठी ग्रुपला मंगेशीचं दर्शन हवंच असतं, आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणत पुढची यादी वाढते. भाऊंचा नियम असा, की एका बंदरात एकच मोठी जागा. मंगेशी ठरली की मंगेशी, आणि परतताना वाटेत जेवण. तेही जहाज सुटण्याच्या वेळेआधी निदान दोन तास परतीच्या रस्त्याला लागायचं. जहाजाने आयोजित केलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलेल्या कुटुंबासाठी थांबत नाही. शिडी काढली जाते, आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून दूरच्या ठिकाणी जहाजाची सहल घ्यावी, महाग असली तरी. बंदराला लागून असलेल्या ठिकाणी स्वतःचं फिरणं स्वस्त आणि मोकळं.

कोचीत असं मोकळं फिरणं छान जमतं. फेरीबोटीने फोर्ट कोची, चिनी जाळी, मग मट्टनचेरी. पण वार पाहून जावं. १५६८ मधलं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असतं आणि मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी. जहाज कोणत्या वारी लागणार हे महिनाभर आधीपासून ठाऊक असतं, तरी बंद दारापुढे उभी राहिलेली माणसं भाऊंनी पाहिली आहेत.

लक्षद्वीप हे सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत बेभरवशाचं. मोठं जहाज बेटाला लागतच नाही. प्रवाळाची कड वाचवण्यासाठी ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून उतरवली जातात. जहाज वर होतं तेव्हा बोट खाली जाते. दोन्ही एका पातळीत येतात त्या नेमक्या क्षणी पाऊल टाकायचं असतं, दोन खलाशी दोन्ही दंड धरून असतात आणि ‘आता’ म्हटल्यावरच पाय उचलायचा. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या काकांना भाऊ हे चित्र बुकिंगच्या वेळीच पूर्ण सांगतात. लाटा मोठ्या असल्या तर कप्तान बेट रद्द करतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बेटावर जायला परवाना लागतो, त्यासाठी ओळखपत्राच्या प्रती वेळेत द्याव्या लागतात. चपला पट्ट्याच्या, टोपी बांधायची, प्लास्टिक परत आणायचं. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे. नातवासाठी उचललेला तो पांढरा तुकडा गुन्हा ठरू शकतो.

परदेशातल्या बंदरांत घड्याळ फसवतं. सिंगापूरहून फुकेतला गेलेलं जहाज स्वतःचं घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवू शकतं, तुमचा फोन मात्र उतरताच थायलंडची वेळ दाखवू लागतो, एक तास मागची. फोनमध्ये चार वाजलेत म्हणून खरेदी करत राहिलेल्या माणसाचे जहाजावर पाच वाजलेले असतात. भाऊ ग्रुपमधल्या प्रत्येकाला हातावर साधं घड्याळ बांधायला लावतात आणि जहाजावरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतात. व्हिसाचंही असंच. जहाजाने देश सोडून परत त्याच देशात उतरायचं असेल तर दोनदा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. भूमध्य समुद्रातल्या फेरीत तुर्कस्तान मध्येच आलं की हा प्रश्न उभा राहतो, आणि विमानतळावर कळून उपयोग नसतो.

या सगळ्या बोलण्यात भाऊ मधूनच खालच्या मजल्यावर जातात. प्रवाशांना न दिसणारा लांबच लांब बोगद्यासारखा रस्ता, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत; अमेरिकी जहाजांवर त्याला तिथल्या हमरस्त्यावरून ‘आय-९५’ म्हणतात. तिथे कपड्यांच्या गाड्या, भाजीचे क्रेट, कचरा, झोपाळलेली माणसं, सगळं एकत्र वाहतं. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये लागू झाला आणि २०१५ मध्ये भारताने तो स्वीकारला. २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती त्यात लिहिलेली आहे. ती तुकड्या-तुकड्यांत मिळते. सकाळचा नाश्ता वाढला, दुपारी दोन तास डोळा लागला, मग रात्रीच्या दोन पंगती. महिनोन्‌महिने सुटीचा पूर्ण दिवस नाही. बंदरात जहाज लागलं की प्रवासी फिरायला जातात आणि भाऊ काड्यापेटीएवढ्या खिडकीपाशी नेटवर्क शोधत घरी फोन लावायचे, कारण कॅम्पात तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असायचे आणि आई जागी राहायची.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली, ३७०० च्या वर माणसांसह. भारतीय १३८, त्यातले बहुतेक कर्मचारी. प्रवाशांना खोल्यांत बसवलं होतं, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवणाचे ट्रे नेणारी माणसं हीच. त्या बातम्या पाहताना भाऊ दुसऱ्या जहाजावर होते. क्रूझच्या जेवणाबद्दल बोलणाऱ्या माणसाने हे विसरू नये असं त्यांना वाटतं, आणि त्यात काहीच वावगं नाही. वाढणाऱ्याशी नीट वागा, त्याचं नाव विचारा, तो कुठला ते विचारा. एखादा सावंतवाडीचा निघेल, एखादा फिलिपिन्सचा.

भिलाईकरांसाठी आणखी काही सूचना ते लिहूनच देतात, कारण तोंडी सांगितलेल्या विसरल्या जातात. मुंबईचं जहाज असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा. दुपारी सुटणाऱ्या जहाजासाठी त्याच सकाळी पोचणाऱ्या गाडीवर विसंबू नका. नागपूरच्या पुढे गाडी दोन तास रखडली तर बॅलार्ड पिअरचा चेक-इन बंद झालेला असतो, आणि पैसे परत मिळत नाहीत. परतीला शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि बीपीची गोळी आत राहू द्या. नाइट ड्रेसवर उतरावं लागलेले लोक आहेत. बिल त्याच रात्री तपासा, सकाळी काउंटरवर रांग असते. गीतांजली एक्स्प्रेस मुंबईहून पहाटे सुटते, त्या दिवशी ती मिळत नाही. रात्रीच्या हावडा मेलचं दुर्गपर्यंतचं तिकीट काढा, ते जहाजाच्या बुकिंगबरोबरच काढा, सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा आणि दुपारी दादरला जाऊन जेवा.